वारा उजवीकडे, पाऊस डावीकडे



मृग यंदा कोणत्या वाहनावर बसून येणार हे पंचांगात पाहिल्याशिवाय आपल्याकडे काही घरांत पेरणीचे बोलणेच सुरू होत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माणसालाही आभाळाचा असाच एक नाद आहे. जून लागला की तो भिंतीवर नकाशा टांगतो. जून ते नोव्हेंबर हा त्यांच्या समुद्रातल्या चक्रीवादळांचा हंगाम. नकाशात जमीन थोडी आणि पाणी फार. त्यावर अक्षांश-रेखांशांच्या उभ्या-आडव्या रेघा. एके काळी हे नकाशे पेट्रोल पंपावर फुकट मिळत, टेलिव्हिजन केंद्रे ते वाटत, आणि किराणा मालाच्या कागदी पिशव्यांवरसुद्धा ते छापलेले असत. सामान डब्यात भरले की पिशवी फाडून सरळ करायची आणि खिळ्याला अडकवायची. रेडिओवर वादळाचे ठिकाण सांगितले की पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. सहा तासांनी दुसरा. ठिपके जोडत गेले की वादळाची वाट डोळ्यांपुढे उभी राहते.

हा नाद करणारी माणसे हवामान खात्याची नोकर नसतात. कुणी मासेमारी करणारा, कुणी निवृत्त मास्तर, कुणी शेतकरी, कुणी शाळकरी पोर. आता नकाशा भिंतीवरून हातातल्या फोनवर आला, उपग्रहाची चित्रे दर काही मिनिटांनी दिसू लागली, पण नाद तोच. वादळ किनारा धरून वर सरकू लागले की या मंडळींच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आज त्यांची हकिकत सांगायचे कारण असे की, २०११ सालच्या एका वादळाने त्यांना मोठा धडा दिला, आणि त्या धड्याची किंमत मात्र डोंगरातल्या शेतकऱ्यांनी मोजली.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. तिकडे ज्याला हरिकेन म्हणतात ते आणि आपले चक्रीवादळ ही एकाच जातीची. कोमट समुद्रावरची दमट हवा वर चढते, खाली हवेचा दाब उतरतो, चहूबाजूंनी वारा आत धावतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला पीळ बसतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला हा पीळ नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट. इंग्रजीतला सायक्लोन हा शब्द तर आपल्याच देशात, कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकात बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास केला आणि सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव पाडले. वेटोळे ही उपमा अगदी नेमकी आहे. साप जिथे दिसतो तिथे त्याचे तोंड असते, पण वेटोळे केवढे आहे हे गवतात कळत नाही. पुढे या उपमेची आठवण ठेवा.

आता माग कसा काढतात ते पाहू. मायामी गावात त्यांचे राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र आहे. तिथून दर सहा तासांनी पत्रक निघते, आणि वादळ किनाऱ्याजवळ आले की दर तीन तासांनी. वादळाचे केंद्र कुठे, किती वेगाने सरकते, वारा किती, दाब किती, हे सारे त्यात असते. ही माहिती नुसत्या उपग्रहावर मिळत नाही. हवाईदलाची खास विमाने वादळाच्या पोटात शिरतात आणि आतून लहानशी उपकरणे खाली सोडतात. हा धाडसी खेळ सुरू कसा झाला? २७ जुलै १९४३ रोजी टेक्सासमध्ये जोसेफ डकवर्थ नावाचा वैमानिक शिक्षक पैजेवर साधे शिकाऊ विमान घेऊन वादळात घुसला आणि धडधाकट परत आला. परत येऊन पाहतो तर हवामानाचा अधिकारी म्हणाला, मलाही ने. आणि डकवर्थ त्याला घेऊन पुन्हा गेला! पैजेतून निघालेले असे कामाचे प्रकार जगात फार नसतील.

हौशी मंडळींचीही या कामात मदत असते. घरगुती बिनतारी संच चालवणाऱ्यांचे एक जाळे १९६५ सालच्या बेट्सी वादळात उभे राहिले, ते अजून चालू आहे. बेटावरचा कुणी एकटा माणूस आपल्या घरातला दाब आणि वारा संचावरून सांगतो, आणि तो आकडा थेट मायामीच्या तज्ज्ञांच्या टेबलावर जातो.

पण या मंडळींचे सारे लक्ष दोनच गोष्टींवर खिळलेले असते. एक, केंद्राची रेघ. दुसरी, वादळाचा वर्ग. हवामान केंद्र पुढच्या वाटेचा एक शंकू काढून देते. सुरुवातीला निमुळता आणि पुढे पसरत गेलेला, सुपासारखा. त्याचा अर्थ एवढाच की वादळाचे केंद्र तीनांपैकी दोन वेळा या सुपाच्या आत राहील. लोक मात्र समजतात की सुपाच्या आत वादळ, बाहेर कोरडे! वर्गाचेही तसेच. हर्बर्ट सॅफिर हा इंजिनियर आणि रॉबर्ट सिम्प्सन हा हवामानतज्ज्ञ, या दोघांच्या नावाची एक ते पाच वर्गांची श्रेणी आहे. वर्ग ठरतो तो वाऱ्याच्या वेगावर. पाऊस किती पडेल याचा त्यात शब्द नाही. पैलवानाची ताकद त्याच्या मिशांवरून मोजण्यासारखे मला हे वाटते. पण श्रेणी सोपी आहे, आणि सोपे असते ते तोंडी बसते.

रेघेवर इतका जीव का, याला कारण १९३८ सालचे आहे. त्या वर्षी २१ सप्टेंबरला एक वादळ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड या लांबट बेटावर आले. त्या काळी उपग्रह नव्हते, रडार नव्हते. भर समुद्रातल्या जहाजांनी कळवले तेवढेच. वॉशिंग्टनच्या कचेरीत चार्ल्स पिअर्स नावाचा एक तरुण होता. तो म्हणत होता, हे वादळ समुद्राकडे वळणार नाही, किनारा धरून सरळ उत्तरेला येईल. वरिष्ठांना ते पटले नाही. दुपारी वादळ आले तेव्हा लोक बेसावध होते. सुमारे ६०० माणसे गेली. त्या दिवसाचा एक किस्सा अजून सांगतात. बेटावरच्या एका गृहस्थाने नवा वायुभारमापक टपालाने मागवला होता. तो नेमका त्या सकाळी आला. काटा बघतात तर अगदी तळाला, चक्रीवादळाच्या खुणेवर. कितीही ठोकला तरी हलेना. माल सदोष निघाला असे समजून गृहस्थांनी चिडून कंपनीला पत्र लिहिले आणि ते टपालात टाकायला गेले. परत येऊन पाहतात तर घर जागेवर नाही.

आता २०११ सालच्या वादळाकडे वळू. त्याचे नाव आयरीन.

२० ऑगस्टला ते वेस्ट इंडीजच्या बेटांच्या पूर्वेला जन्मले. आपल्याकडे तेव्हा मघा नक्षत्र चालू होते. २२ तारखेला ते प्वेर्तो रिको बेटावरून गेले. २४ तारखेला बहामा बेटांवर ते ऐन जोरात, तिसऱ्या वर्गाचे, वारा ताशी १९० किलोमीटरच्या वर. नंतर ते उत्तरेला वळले, आणि पुढची वाट पाहून नाद असलेल्यांच्याच नव्हे तर साऱ्या देशाच्या छातीत धडकी भरली. किनाऱ्यावर एकामागून एक मोठी शहरे, आणि रेघ थेट न्यूयॉर्कवर. त्यात २८ तारखेला अमावस्या, म्हणजे आपल्या पोळ्याची. अमावस्येला भरती मोठी असते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या महापौरांनी सखल भागातल्या सुमारे ३,७०,००० लोकांना घरे सोडायला सांगितली. शनिवारी, २७ तारखेला दुपारी शहराची भुयारी रेल्वे बंद केली. हवामानामुळे सारी भुयारी रेल्वे बंद ठेवण्याची ही त्या शहरातली पहिलीच वेळ. टेलिव्हिजनचे वार्ताहर रेनकोट घालून समुद्राकाठी उभे राहिले आणि वाऱ्याने आपण कसे हलतो आहोत ते दाखवू लागले.

त्याच शनिवारी सकाळी आयरीन नॉर्थ कॅरोलिना राज्यात केप लुकआउटजवळ जमिनीवर चढले होते. तिथे माग काढणाऱ्यांना एक कोडे पडले. दाब उतरला होता ९५२ मिलिबारपर्यंत. साधारण दिवशी तो १०१३ च्या आसपास असतो. इतक्या उतरलेल्या दाबाला तिसऱ्या वर्गाचा वारा शोभला असता. पण वारा होता ताशी १३७ किलोमीटरच्या घरात, म्हणजे पहिल्याच वर्गाचा. असे का व्हावे? शेतकऱ्याला हे चटकन कळेल. दोन शेतांचा उतार सारखाच दहा फुटांचा आहे. एका शेतात तो शंभर फुटांत उतरतो, दुसऱ्यात हजार फुटांत. पाणी कुठे जोरात धावेल? आयरीनचा दाब खोल होता पण फार मोठ्या मुलखावर पसरला होता. केंद्रापासून सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरवरही वादळी वारे चालू होते. वेटोळे अवाढव्य, फणा मात्र बेताचा.

रविवारी पहाटे ते न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्याला लागले आणि सकाळी नऊच्या सुमारास न्यूयॉर्कवर आले. तोवर वारा ताशी १०५ किलोमीटरवर उतरला होता. हरिकेन हा दर्जाही गेला. नुसते वादळ म्हणून त्याची नोंद झाली. काही रस्त्यांवर पाणी चढले, झाडे पडली, वीज गेली, पण ज्याची भीती होती ते झाले नाही. शहरात लोक म्हणू लागले, उगीच घाबरवले. वार्ताहरांनी रेनकोट काढले. कित्येक घरांत टेलिव्हिजन बंद झाला, पेन्सिल खाली ठेवली गेली.

त्याच रविवारी सकाळी उत्तरेला तीनशे किलोमीटरहून दूर, व्हर्मांट नावाच्या राज्यात पावसाला जोर चढत होता.

व्हर्मांटला समुद्रकिनारा नाही. राज्य लहान, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण दीडपट. मधोमध ग्रीन माउंटन्स या डोंगराची रांग. डोंगरउतारावर जंगल, आणि चिंचोळ्या दऱ्यांत ओढ्याकाठी गाळाची काळी जमीन. शेती सगळी तिथेच, कारण सपाट जागा दुसरी नाही. रस्ताही तिथेच, गावही तिथेच. धंदा मुख्यतः दुधाचा. गुरांसाठी मका लावतात आणि सप्टेंबरात तो कापून मुरघास घालतात. ऑगस्टअखेर म्हणजे मका डोक्याच्या वर गेलेला, कणसे भरलेली. वर्षाचा चारा उभा होता.

आणि जमीन आधीच ओलीचिंब होती. त्या ऑगस्टात त्या साऱ्या भागावर पावसाने ठाण मांडले होते. न्यूयॉर्क शहरातल्या सेंट्रल पार्कमध्ये त्या एका महिन्यात १८.९५ इंच, म्हणजे सुमारे ४८० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अशा जमिनीवर आयरीनने एका दिवसात व्हर्मांटच्या डोंगरात कुठे पाच, कुठे सात, तर मेंडन गावी ११ इंचांहून अधिक पाऊस ओतला. एक इंच पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी. हिशेब तुम्हीच करा. वाफसा नसलेल्या रानात ते मुरणार कुठे? ते उतारावरून सरळ ओढ्यात आले. एरवी पोरे गुडघाभर पाण्यात मासे पकडतात तसले ओढे दुपारपर्यंत दगड-धोंडे आणि झाडांचे बुंधे लोटत सुटले.

त्या एका दिवसात राज्याचे पाचशे मैलांहून अधिक हमरस्ते मोडले आणि दोनशेच्या आसपास पुलांची नासधूस झाली. तेरा गावांना जायला वाटच उरली नाही; त्यांना अन्नपाणी हेलिकॉप्टरने पोचवावे लागले. राज्याचे आपत्तीच्या वेळचे मुख्य कार्यालय वॉटरबरी गावी होते. पुराने त्या कार्यालयालाच उठवले आणि अधिकाऱ्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. व्हर्मांटमध्ये जुने लाकडी पूल आहेत, वरून छप्पर घातलेले. बर्फ-पावसाने लाकूड कुजू नये म्हणून ही सोय. बार्टन्सव्हिल गावचा असा पूल १८७० सालचा. गावकरी काठावर उभे राहून पाहत होते आणि तो पूल छपरासकट नदीत बसला. त्या राज्याने इतका मोठा पूर १९२७ सालच्या नोव्हेंबरानंतर पाहिला नव्हता.

शेतकऱ्यांचे काय झाले ते सांगतो. मका आडवा झाला, आणि जो उभा राहिला त्याच्या पानापानावर गाळाचा लेप बसला. तसला मका मुरघासात घातला तर मुरघास नासतो आणि जनावर आजारी पडते. गवताचे बांधून ठेवलेले गठ्ठे वाहून गेले. ज्यांच्या गाई वाचल्या त्यांची वेगळीच पंचाईत. गाय काही पूर आला म्हणून दूध द्यायचे थांबवत नाही. वेळेवर धार काढावीच लागते. पण रस्ते तुटलेले, दुधाची गाडी येईना, टाकी भरलेली. काहींना ते दूध ओतून द्यावे लागले. हाताने काढलेले दूध हाताने ओतायचे म्हणजे काय, हे गोठा असलेल्या घराला समजावून सांगावे लागत नाही.

भाजीवाल्यांवर तर सरकारी नियमाचा घाव बसला. पुराचे पाणी ज्या भाजीच्या खाण्याच्या भागाला लागले, ती माणसाला खायला विकायची नाही, असा तिकडचा नियम आहे. वरून टोमॅटो लालबुंद, भोपळा टणक, पण सगळे मातीआड करायचे. ऐकायला कठोर वाटते. पण पुराचे पाणी म्हणजे पावसाचे स्वच्छ पाणी नव्हे. वाटेतली गटारे, उकिरडे, शौचखड्डे, तेलाच्या टाक्या, औषधांचे डबे असे सारे धुऊन ते आलेले असते. मला हा नियम योग्य वाटतो. आपल्याकडे पुरानंतर नदीकाठची पालेभाजी नुसती खळबळून बाजारात जाते, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातही, त्या नावाच्या शहरापासून दूर, स्कोहारी खोऱ्यातल्या भाजी-मक्याच्या शेतांची हीच दशा झाली. पुढच्या वर्षी हवामान संघटनेने आयरीन हे नाव यादीतून काढून टाकले. फार हानी करणाऱ्या वादळाचे नाव पुन्हा वापरत नाहीत.

इशारा दिला नव्हता असे समजू नका. डोंगरात अतिवृष्टी होईल, पूर येईल, असे हवामान खात्याने आधीच सांगितले होते. पण साऱ्या देशाचे डोळे रेघेवर आणि वर्गावर. रेघ न्यूयॉर्कवर होती आणि वर्ग उतरत होता. दर्जा गेला, हे शब्द कानावर पडले की माणसाचे मन सैल पडते. आणि इथेच खरी गोम आहे: वारा मंदावला तरी वादळाच्या पोटातले पाणी कमी झालेले नसते.

शिवाय वारा आणि पाऊस एका बाजूला राहतीलच असेही नाही. वादळ उत्तरेला चालले आहे आणि तुम्ही त्याच्या पाठीवर बसून पुढे पाहता आहात असे समजा. तुमच्या उजव्या हाताकडचा वारा ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने वादळही सरकत असते, म्हणून दोन्ही वेगांची बेरीज होते. डाव्या हाताकडे वजाबाकी. म्हणून उजवी बाजू वाऱ्याची. आता आयरीनसारखे वादळ जेव्हा थंड मुलखात शिरते, तेव्हा त्याच्या डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला वायव्येकडची थंड हवा भिडते. समुद्रावरून आलेली दमट हवा त्या थंड हवेवर आणि डोंगरउतारावर चढते आणि तिथेच रिकामी होते. म्हणून पाऊस डाव्या अंगाला. आयरीनची रेघ पुढे व्हर्मांटच्या पूर्व हद्दीपाशी गेली, आणि मुसळधार पडला तो तिच्या पश्चिमेला.

हे तिकडच्या किनाऱ्याचे गणित जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. त्यांचा समुद्र पूर्वेला, आपला पश्चिमेला. वादळ उत्तरेला चालले की त्यांची जमीन डाव्या हाताला येते आणि आपली कोकणपट्टी उजव्या, म्हणजे जोरदार वाऱ्याच्या हाताला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीवरून समुद्रातूनच वर गेले आणि १७ तारखेच्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढले. कोकणात त्याचे केंद्र जमिनीला टेकलेसुद्धा नाही, तरी झाडावरचा हापूस खाली आला. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तर सरळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट पाडून गेले.

वादळ नेमके कुठे आहे हे साधनाशिवाय ओळखायची एक जुनी युक्ती आहे. हॉलंडच्या बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने ती १८५७ साली मांडली. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्याने ती आपल्याकडे चालते. मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढच्या अंगाला असते. तासा-दोन तासांनी पुन्हा बघा. कोकणच्या किनाऱ्यावर वारा आग्नेयेचा होता तो दक्षिणेला आणि मग नैऋत्येला फिरला, तर वादळ समुद्रातून उत्तरेकडे निघून चालले. वारा दिशा बदलत नाही पण वाढतच चालला असेल, तर ते तुमच्या रोखाने येते आहे असे समजा आणि रेडिओवर काय सांगतात तिकडे कान द्या. दऱ्याखोऱ्यांत वारा डोंगराला वळून येतो, तिथे ही युक्ती फसते.

ही झाली वाऱ्याची गोष्ट. पावसाचा नाद असलेली दुसरी एक जात तिकडे आहे, आणि मला तिचे कौतुक अधिक वाटते. ती नकाशाकडे कमी आणि आपल्या अंगणातल्या नळीकडे जास्त पाहते. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी एका बाजूला चौदा इंचांहून अधिक पाऊस झाला, आणि त्याच गावात काही मैलांवर दोन इंचही नाही. रात्री पूर आला, पाच जण दगावले. एवढा पाऊस नेमका कुठे पडला हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते, कारण सरकारी मापके दूरदूर. तिथल्या विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी १९९८ साली गावच्या लोकांनाच साधे पर्जन्यमापक घेऊन अंगणात लावायला सांगितले. चार इंच रुंदीची प्लॅस्टिकची नळी, आत बारीक नळी. बारा वर्षांच्या आत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ही मंडळी झाली. एका बांधावर पाऊस आणि दुसऱ्या बांधावर धूळ, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. त्यांनी ते वहीत मांडले. आयरीनचा पाऊस कुठे किती पडला याचा नकाशा पुढे तयार झाला, त्यात अशा अंगणांतले आकडे आहेत.

या जातीतला सर्वांत थोर माणूस शेतकरीच होता. रिचर्ड हेंड्रिक्सन, राहणार ब्रिजहॅम्प्टन, लाँग आयलंड. तेच बेट, जिथे १९३८ चे वादळ आले. गाई आणि कोंबड्या हा त्यांचा धंदा. १९३० साली ऐन विशीच्या आत त्यांनी सरकारी हवामान खात्यासाठी बिनपगारी नोंदी घ्यायला सुरुवात केली. थंडी किती, ऊन किती, पाऊस किती, वारा कुठला. १९३८ ला घेतल्या, आणि आयरीन आले तेव्हा म्हातारबाबा ९८ वर्षांचे होते, तरी नोंदी चालू होत्या. २०१४ साली खात्याने त्यांचा सत्कार केला तेव्हा ८४ वर्षे झाली होती आणि नोंदींची संख्या दीड लाखाच्या वर गेली होती. ऐंशी वर्षे सेवा करणाऱ्यासाठी खात्याने त्यांच्याच नावाचा पुरस्कार ठेवला. २०१६ च्या जानेवारीत, १०३ व्या वर्षी ते गेले.

तुम्ही म्हणाल, आम्हाला ती नळी कुठे मिळणार? मिळाली तर उत्तमच, नाही तर सरळ उभ्या बाजूंचा, तळाला आणि तोंडाला सारखाच रुंद असलेला डबा चालतो. निमुळता तांब्या किंवा पसरट घमेले नको. त्याने माप चुकते. डबा तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असा घट्ट बसवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर तरी तो असावा, म्हणजे पागोळ्या त्यात येणार नाहीत आणि पाऊस आडोशाने चुकणार नाही. आपले हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते, तुम्हीही तेव्हाच पट्टी बुडवून मोजा. डब्यात जितके मिलिमीटर उंच पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. अतिवृष्टीत डबा भरून वाहण्याआधी मोजून रिकामा करा आणि पुन्हा लावा. दोन्ही आकडे मिळवून लिहा. वही घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडे द्या, त्यांचे अक्षर आपल्यापेक्षा बरे असते. आणि ज्या दिवशी थेंबही पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायला सांगा. जागा कोरी सोडली, तर पुढे वही वाचणाऱ्याला त्या दिवशी पाऊस नव्हता की घरची मंडळी बाजाराला गेली होती, हे कळायचे नाही.